पोर सॉफ्टबॉलला उतरण्यापूर्वी



शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींसाठी सॉफ्टबॉल आहे. रत्नागिरीकडच्या शाळेतून आपल्या पोराचे नाव गेले, की पालक आधी बॅट आणायला धावतात. आमचे सांगणे, जरा थांबा. लागणीआधी रान तयार करतो ना, तसेच हे.

नावात ‘सॉफ्ट’ असले तरी चेंडू मऊ नसतो. १८८७ साली शिकागोत हा खेळ सुरू झाला तेव्हा मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून चेंडू केला होता. आजचा १२ इंच घेराचा चेंडू मात्र चांगला टणक असतो. पहिल्याच दिवशी तो तोंडावर बसला, तर पोर पुन्हा मैदानाकडे फिरकायचे नाही. म्हणून आधी भीती घालवावी.

पावसात पडवीत, उघडीप मिळाली की खळ्यात, हलका रबरी चेंडू जवळून, हळू व खालून टाकावा. नजर चेंडूवर ठेवून दोन्ही हातांनी झेलू द्यावा. झेल सुटणे कमी झाले की अंतर वाढवावे. खरा चेंडू त्यानंतर, तोही हातमोजा घालूनच. मोजा फेकायच्या हातात नव्हे, दुसऱ्या हातात घालायचा.

फेकण्यापूर्वी अंग गरम करावे. खांदा दुखला तर त्या दिवशी फेक बंद. फलंदाजीला हेल्मेट हवेच. जांभ्याच्या कातळावर घसरण्याचा सराव नको.

बॅट शाळेत मिळते का, ते आधी विचारा. पहिला खर्च हातमोज्यावर करा. आणि मुलगी खेळते म्हणाली, तर तिलाही हीच तयारी द्या.