काटा उतरला; पण कस वाढला का?

जामखेड (प्रतिनिधी) : आरोग्याच्या चर्चेत वजनकाट्याला आज जे स्थान आहे, ते पन्नास वर्षांपूर्वी जामखेडच्या पंचक्रोशीतही होते. मात्र काट्याकडून अपेक्षा अगदी उलट होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० साली येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा या भागातील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. गावातल्याच, बहुतांशी निरक्षर असलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोळे दाम्पत्याने ग्राम आरोग्य सेविका घडविल्या. मुलांची वजने घेणे हे त्या सेविकांच्या मुख्य कामांपैकी एक होते आणि मूल गेल्या वेळेपेक्षा जड भरले की आईचा चेहरा फुलत असे. नव्वदच्या दशकात येथील अर्भकमृत्यूचे प्रमाण तिशीच्या आत आले होते. मॅगसेसे पुरस्कार या दाम्पत्याला १९७९ मध्येच मिळाला होता. पुढे देशभर उभ्या राहिलेल्या ‘आशा’ कार्यकर्तींच्या योजनेमागे ज्या प्रयोगांची प्रेरणा होती, त्यांत जामखेडचे नाव घेतले जाते.

त्याच तालुक्यात आज काट्यावर उभे राहणाऱ्याला आकडा खाली आलेला पाहायचा असतो. व्यायामशाळांच्या पाट्यांवर ‘महिन्यात पाच किलो कमी’ अशी हमी झळकते, भ्रमणध्वनीवर आहाराचे तक्ते फिरतात आणि २०२५ पासून वजन घटविणारी नव्या पिढीची इंजेक्शनेही देशात अधिकृतपणे उपलब्ध झाली आहेत. या सगळ्यात एक प्रश्न मात्र मागे पडतो. घटवायचे ते वजन, की वाढवायची ती ताकद? बारीक होणे हे ध्येय असावे, की तंदुरुस्त होणे?

भाषेला ठाऊक असलेला भेद

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच केलेला आहे. ‘काटक’ आणि ‘काटकुळा’ हे दोन्ही शब्द अंगावर मांस नसलेल्या माणसासाठीच वापरले जातात. पण काटक माणूस दिवसभर नांगर धरू शकतो, आणि काटकुळ्याला वारा आला तर सांभाळावे लागते. उलट बाजूला ‘धट्टाकट्टा’ आणि ‘थुलथुलीत’ यांचेही तसेच आहे. गावाकडे ‘तब्येत सुधारली’ याचा अर्थ आजही पुष्कळदा ‘अंग भरले’ एवढाच होतो, तर वधूवरांच्या जाहिरातींत ‘सडपातळ’ हे विशेषण गोऱ्या रंगाच्या खालोखाल मानाचे स्थान मिळवून बसले आहे. (अशा जाहिराती वर्तमानपत्रांनीच वर्षानुवर्षे छापल्या, हेही येथे नमूद करायला हवे.) दोन्हीकडे नजर असते ती दिसण्यावर. शरीर काय करू शकते, याची चौकशी कोणी करीत नाही.

वैद्यकशास्त्रानेही बराच काळ सोयीचा मार्ग पत्करला. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे आणि येणाऱ्या आकड्यावरून माणसाची वर्गवारी करायची. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात हे सूत्र मांडले, ते एका रुग्णाच्या तपासणीसाठी नव्हे, तर लोकसमूहाच्या सरासरी बांध्याचा अभ्यास करण्यासाठी. पुढे १९७२ मध्ये त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळाले आणि ते दवाखान्यादवाखान्यांत पोहोचले. या सूत्राला चरबी आणि स्नायू यांतील फरक कळत नाही, हे त्याचे मोठे वैगुण्य. पाच फूट सात इंच उंचीचा, ८० किलो वजनाचा पैलवान या हिशेबात २७ च्या वर जातो, म्हणजे ‘अतिवजनी’ ठरतो. अहिल्यानगर शहरात २०२५ च्या प्रारंभी महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली, तिच्या खुल्या गटातील मल्ल तर या तक्त्यात सरळ लठ्ठ म्हणूनच गणले जातील. याची दुसरी बाजूही तालमीतल्या वस्तादांना चांगली ठाऊक असते. कुस्ती सुटली की मेहनत सुटते, पण खुराक सुटत नाही, आणि मग तेच वजन खरोखरच ओझे होते. आकडा तोच, अर्थ वेगळा.

पुण्याचा ‘बारीक-लठ्ठ’ माणूस

पैलवानाच्या बाबतीत चूक झाली तर फारसे बिघडत नाही. खरा धोका आहे तो आकडा ‘सामान्य’ येणाऱ्या माणसाला, आणि तो सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिला तो एका मराठी संशोधकाने.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे दोघेही तक्त्याप्रमाणे आदर्श. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे, अशी मिस्कील नोंदही लेखकद्वयाने केली होती. थट्टेच्या आवरणाखालचे सत्य मात्र गंभीर होते. भारतीय माणूस बाहेरून सडपातळ दिसत असतानाच आतून, विशेषतः पोटाच्या पोकळीत, चरबी साठवीत असतो. ‘थिन-फॅट इंडियन’, म्हणजेच ‘बारीक-लठ्ठ भारतीय’, ही संज्ञा येथूनच जगभर गेली.

याचे मूळ किती खोल आहे, हे याज्ञिक यांच्याच दुसऱ्या अभ्यासातून दिसले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींची १९९३ पासून पाहणी करण्यात आली. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळे ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. उपासमारीतही शरीराने चरबी राखली आणि स्नायूंची किंमत मोजली.

आणि नेमके स्नायूच महत्त्वाचे असतात. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. तेच अपुरे असतील तर साखर रक्तात रेंगाळते, स्वादुपिंडावर ताण येतो आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. जन्मतःच स्नायूंचे भांडवल कमी असलेल्या माणसाने पुढे केवळ उपाशी राहून वजन उतरवले, तर घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. काटा खाली येतो. गाठीचे भांडवल आणखी कमी होते. काही महिन्यांनी वजन परत येते, पण ते बहुधा चरबीच्या रूपाने. इंजेक्शने घेणाऱ्यांनाही डॉक्टर पुरेशी प्रथिने आणि ताकदीचे व्यायाम यांचा आग्रह धरतात, तो याच कारणासाठी.

जामखेडसारख्या तालुक्यात या गोष्टीला जीवनमरणाचे महत्त्व आहे. मधुमेह हा शहरातल्या, खात्यापित्या, सुटलेल्या पोटाच्या माणसाचा आजार, ही समजूत येथे अजून पक्की आहे. हडकलेल्या शेतकऱ्याला किंवा ऊसतोडीहून परतलेल्या मजुराला ‘साखर’ तपासून घे, असे सांगितले तर तो हसण्यावारी नेतो. पायाची जखम भरत नाही, दृष्टी अंधूक होते, तेव्हा तपासणी होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली असून ११.४ टक्के प्रौढांना हा विकार आहे. ते सारेच लठ्ठ नाहीत. ग्राम आरोग्य सेविकांच्या कामात अलीकडे रक्तदाब आणि मधुमेहाची भर पडली, ती काळाची गरज म्हणूनच.

बसवाहकाची विजार

हालचाल आणि बांधा यांतील कोणाचा प्रभाव मोठा, याचा पहिला मोठा पुरावा मिळाला तो बसमध्ये. लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले, की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसच्या जिन्यावरून सतत चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. आक्षेप आला, की चालक मुळातच जाडे असतील. मॉरिस यांनी मग गणवेशाच्या नोंदींतून विजारींच्या कमरेची मापे मिळवली. चालकांच्या कमरा मोठ्या होत्या हे खरे. पण वाहक सडपातळ असो वा पोट सुटलेला, त्याचा धोका चालकापेक्षा कमीच निघाला. एसटीच्या चालक-वाहकांना हा अभ्यास कोणी आवर्जून वाचून दाखवावा असा आहे.

अमेरिकेतील डॅलस येथे स्टीव्हन ब्लेअर यांनी हा धागा पुढे नेला. सरकत्या पट्ट्यावर चालवून माणसाचा दम मोजायचा आणि नंतर वर्षानुवर्षे त्याचा माग ठेवायचा, अशी त्यांची पद्धत. सुमारे २२ हजार पुरुषांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दम कमी असलेल्या सडपातळ पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण दम असलेल्या लठ्ठ पुरुषांपेक्षा अधिक आढळले. स्वतः ब्लेअर बुटके आणि स्थूल होते आणि नित्यनेमाने धावत असत.

मात्र यावरून ‘धावा आणि हवे ते खा’ असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. हार्वर्डच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक परिचारिकांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये वेगळे चित्र मांडले. व्यायामाने लठ्ठ स्त्रियांचा धोका कमी झाला, पण पुसला गेला नाही. दोन अभ्यासांतील विसंगतीचे एक कारण मोजमापात आहे. ब्लेअर यांनी दम प्रत्यक्ष तपासला, तर परिचारिकांनी आपण किती व्यायाम करतो ते स्वतः लिहून दिले, आणि अशा कबुलीजबाबांत माणसे स्वतःवर थोडी मेहेरबान असतात. तरीही सुटलेले पोट निरुपद्रवी नाही, एवढे मान्य करावेच लागते. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२५ मध्ये लठ्ठपणाचे निदान केवळ बॉडी मास इंडेक्सवर करू नये, कमरेचा घेर आणि अवयवांचे कार्यही पाहावे, अशी शिफारस केली. भांडण थोडेफार मिटले आहे ते असे.

कष्ट म्हणजे व्यायाम?

‘आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला कसला व्यायाम?’ हा सवाल ग्रामीण भागात हटकून येतो आणि तो रास्त आहे. पण त्यात दोन गोष्टी मिसळल्या जातात. एक म्हणजे, पूर्वीचे राबणे आता सर्वांच्या वाट्याला उरलेले नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते आणि वस्तीवरून गावात यायला दुचाकी आहे. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. ज्यांचे कष्ट कमी झाले नाहीत त्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत, आणि त्यांना कष्टाच्या मानाने खायला मिळत नाही. खुरपणी, पाणी, चूल आणि सर्वांत शेवटी जेवण. त्यात भाकरी असते, डाळ तळाशी गेलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशी स्त्री सडपातळ असते, पण तिला ‘फिट’ म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. त्याच पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया कृश आणि २४ टक्के अतिवजनी निघाल्या. दोन्ही टोके एकाच गावात, कधी एकाच घरात सापडतात. वजन कमी करण्याचा सरसकट उपदेश येथे निरर्थक ठरतो.

विश्रांती आणि अन्न यांच्या जोडीने केलेले श्रम शरीर घडवतात, त्यांच्याविना केलेले श्रम ते झिजवतात. जामखेडला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचा सडपातळ बांधा हे अनेक तरुणांना ध्येय वाटते. पण तो कठोर सरावाचा परिणाम आहे. सराव वगळून बांधा मिळविण्याची खटपट करणारे परिणामालाच कारण समजून बसतात.

मोजायचे काय?

वजनकाटा टाकून द्यावा असे कोणी म्हणत नाही. वजन अकारण उतरत असेल, तर ती धोक्याची घंटा असू शकते आणि लहान मुलांसाठी तर काट्याला पर्याय नाही. प्रौढांनी मात्र शिंप्याकडची फीत जवळ ठेवावी. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर ओलांडत असेल, तर वजन काहीही असो, रक्तदाब आणि साखर तपासून घेणे योग्य. बॉडी मास इंडेक्स पाहायचाच तर भारतीयांसाठी २३ पासूनच सावध व्हावे, असे येथील तज्ज्ञांनी ठरविले आहे. पाश्चात्त्यांसाठी ही रेषा २५ वर आहे.

दम आणि ताकद मोजायला यंत्र लागत नाही. दोन जिने न थांबता चढता येतात का, हातांचा आधार न घेता जमिनीवरून उठता येते का, आणि हे सहा महिन्यांपूर्वीपेक्षा सोपे जाते की अवघड, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सुचवते. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने चालणे, हा मध्यम श्रम. ताकदीसाठी जोर-बैठका आहेतच. तालमीची माती त्यासाठी लागत नाही. चालणाऱ्यांपैकी बहुतेकजण हा दुसरा भाग सोडून देतात आणि चाळिशीनंतर स्नायू घटू लागतात तेव्हा त्याची उणीव भासते. आहारातही कमी खाण्यापेक्षा ताटातील वाटणी बदलणे अधिक मोलाचे. भाकरीसोबत मटकी, हरभरा, शेंगदाणे, दूध, परवडत असेल तर अंडे. आणि हे ताट घरातल्या बाईपर्यंतही तसेच पोहोचले पाहिजे.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत १९९३ नंतर जन्मलेली बाळे आता तिशीत आहेत. त्यांचे वजन, चरबी आणि साखर यांचा माग याज्ञिक यांच्या गटाने सातत्याने ठेवला आहे. ही मुले किशोरवयात असताना, २०१२ पासून त्यांच्यावर आणखी एक प्रयोग सुरू झाला. त्यांना ब-१२ जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्यात आली. ती स्वतः आईबाप होतील तेव्हा त्यांच्या पोटी येणारे मूल कसे निपजते, हे त्यातून पाहायचे होते. त्या मुलांच्या मुलांच्या तपासण्या आता चालू झाल्या आहेत.