हजार यार्डांचं काडतूस

हजार यार्डांवरच्या, म्हणजे ९१४ मीटरवरच्या निशाणासाठी कुठलं काडतूस घ्यावं, हा प्रश्न आज नवशिक्याला सर्वात आधी पडतो. मधली बरीच दशकं तो बहुतेकांना पडतच नव्हता. लष्कर जे वापरेल तेच नेमबाजाच्या हाती यायचं.

त्याआधी मात्र मोकळीक होती. सप्टेंबर १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या क्रीडमूर मैदानात आयर्लंड आणि अमेरिकेचे सहा-सहा नेमबाज समोरासमोर आले. आयरिश मंडळींकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्सच्या मागून भरायच्या. ८००, ९०० आणि १००० यार्डांवर काळ्या दारूचा धूर काढून निकाल लागला ९३४ विरुद्ध ९३१. आयर्लंडच्या मिल्नरनं नेमका मध्य साधला, पण शेजारच्या भलत्याच निशाणाचा! ते चार गुण मिळते तर आयर्लंड जिंकलं असतं. शेवटची गोळी अमेरिकेच्या बोडाइन यांची. बाटली फुटून हात कापलेला, तरी त्यांनी पुरे चार गुण घेतले. या सामन्यानं मागून भरायची रायफल श्रेष्ठ ठरवली असं सर्रास लिहितात. मला ते घाईचं वाटतं. तीन गुणांची आघाडी एका चुकलेल्या निशाणात बुडून जाते.

पुढे लष्करी काडतुसांचं राज्य आलं. १८९० मध्ये ब्रिटिश स्पर्धा विम्बल्डनहून बिझलीला हलल्या आणि तिथे .३०३ नांदलं. लांब पल्ल्यावर .३०३च्या ली-एनफिल्ड रायफलीचा एक दोषच तिच्या कामी आला. तिचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे बार उडताना रायफल लवते आणि नळीचं तोंड वर उचललं जातं. जराशी मंद गोळी नळीतून उशिरा सुटते, तोवर तोंड आणखी वर गेलेलं असतं. ती वाटेत जास्त खाली येणार, पण त्याची भरपाई आधीच झालेली. म्हणून वेग कमीजास्त असलेल्या सरकारी काडतुसांवरही ती हजार यार्डांवर माउझर बांधणीच्या ताठ रायफलींना भारी पडे. जवळच्या पल्ल्यावर मात्र उलट.

मग आलं ७.६२ नाटो आणि त्याचं नागरी भावंड, १९५२ मध्ये बाजारात आलेलं .३०८ विंचेस्टर. इथे झगडा रायफलीपेक्षा गोळीशी होता. सिएरा कंपनीची गाजलेली १६८ ग्रेनची गोळी ३०० मीटरच्या स्पर्धांसाठी घडवलेली. हजार यार्डांपर्यंत जाता जाता तिचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत उतरतो आणि ती डगमगू लागते. पाल्मा या लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी म्हणून १५५ ग्रेनची वेगळी गोळी रुळली, लांब नळीतून जोरात सोडायची.

२००७ मध्ये हॉर्नडी कंपनीच्या डेव्ह एमरी यांनी स्पर्धक डेनिस डेमिल यांच्याशी बोलून ६.५ क्रीडमूर हे काडतूस घडवलं. पुंगळी आखूड, म्हणजे लांब, निमुळती गोळी मॅगझिनमध्ये मावते. खोक्यावरच दारूचं माप छापलेलं, घरी काडतूस भरणाऱ्यांसाठी. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात .३०८ची १७५ ग्रेनची गोळी हजार यार्डांवर सुमारे अडीच मीटर ढळते, ६.५ची १४० ग्रेनची पावणेदोनच्या आसपास. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी निभावतं, आणि माझ्या मते या काडतुसाच्या लोकप्रियतेचं खरं कारण हेच. धक्काही कमी. किंमत मोजावी लागते ती नळीत: .३०८ची नळी पाचेक हजार बार सहज काढते, ६.५ची साधारण त्याच्या निम्म्यात थकते. दहाएक वर्षांनी अमेरिकेच्या विशेष दलांनीही हेच काडतूस उचललं. आता लष्कर नेमबाजांच्या मागे चाललं होतं.

आपल्याकडे भारतात .३०३ आणि ७.६२ लष्करी बोअर म्हणून साध्या परवान्यावर मिळत नाहीत, आणि आपलं नाव झालं ते ५० मीटरवर, .२२मध्ये. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंतचं जागतिक सुवर्ण, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ. काडतुसाची निवड तिथेही सुटत नाही. रायफल पकडीत घट्ट आवळून एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं झाडून पाहायची, ज्या लॉटची भोकं सर्वात जवळजवळ पडतील त्याची पेटीच उचलायची आणि खोक्यावरचा लॉट नंबर वहीत टिपून ठेवायचा.