वर्षावास सरतो आहे. गाडीची किल्ली कुणाच्या हाती?

भाद्रपद सरत आला की पुण्याच्या आभाळाचा रंग पालटू लागतो. सिंहगडाच्या बाजूचे ढग उंच चढतात, मुठेचे पाणी ओसरते, रस्त्यावरचे खड्डे उघडे पडतात आणि दारात उभ्या असलेल्या स्कूटरवरचे प्लास्टिक काढले जाते. पावसाळाभर ती गाडी फक्त कामाला जुंपलेली असते. मुलाला शाळेत सोडणे, रुग्णालयातली पाळी गाठणे, मंडईतून भाजी आणणे, भिजत जाणे आणि भिजत येणे. आता मात्र आमच्या भगिनींच्या बोलण्यात वेगळाच विषय येतो. "पाऊस उघडू दे, मग निघू!" विहारात वंदना संपल्यावर चपला घालता घालता बेत ठरू लागतात. यंदा देहूरोडला कधी जायचे? कार्ल्याची लेणी पाहायची का? महाडला दुचाकीवरून जाणे जमेल का?

आपल्या धम्मपरंपरेत पावसाळा हा थांबण्याचा काळ आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका ठिकाणी वर्षावास करतात. पावसात वाटा बुडालेल्या असतात, शेतात कोवळे पीक उभे असते, पायाखाली लहानसहान जीव चिरडले जातात, म्हणून तथागतांनी हा नियम घालून दिला. तीन महिने संपले की प्रवारणा होते आणि चारिका पुन्हा सुरू होते. सारनाथच्या पहिल्या वर्षावासानंतर तथागतांनी आपल्या साठ शिष्यांना साठ दिशांना पाठवले आणि एका वाटेने दोघांनी जाऊ नये असे सांगितले. आमच्या भगिनी मात्र एका वाटेने चौघी-पाचजणी मिळून निघतात. काळ असा आहे की बाईने सोबत घेऊनच निघणे शहाणपणाचे ठरते! पण निघणे महत्त्वाचे.

बर्फाच्या देशातल्या बाया

अशी वाट पाहणाऱ्या बाया जगात इतरत्रही आहेत. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फावर धावणारी स्नोमोबाइल नावाची गाडी असते. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलसारखी बैठक. तिकडच्या बायका पानगळ सुरू झाली की गाडी गॅरेजातून बाहेर काढतात, तेल बदलतात, पट्टा तपासतात आणि पहिल्या मोठ्या बर्फाची वाट पाहतात. त्यांचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. आम्ही पाऊस जाण्याची वाट पाहतो, त्या बर्फ पडण्याची वाट पाहतात, एवढाच फरक!

या गाडीमागे एक दुःखाची कथा आहे. क्युबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावच्या जोसेफ-आर्मांड बोंबार्दिए या मेकॅनिकचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे वेड बोंबार्दिए यांना लहानपणापासून होतेच. पुढे त्यांनी बर्फावरची मोठी वाहने बनवली आणि १९५९ साली एकट्या-दुकट्याला चालवता येईल अशी लहान 'स्की-डू' बाजारात आणली. तात्पर्य काय? वाहन ही नुसती चैन नव्हे. वेळेवर पोहोचता येणे किंवा न येणे यावर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून असते.

गाडी आणि आपला इतिहास

हे सत्य आपल्या समाजाइतके कुणाला ठाऊक असणार? १९०१ साली बालवयातले बाबासाहेब भावंडांसह वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. ही महाराची मुले आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. रात्रभर तहानेने व्याकूळ होऊन त्या पोरांनी प्रवास केला.

पुढे १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला गेले. तेव्हा ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तरीही टांगेवाले त्यांना बसवून टांगा हाकायला तयार झाले नाहीत. आपल्या पाहुण्याने पायी चालत वस्तीत यावे हे तिथल्या आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले. त्यांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्या बिचाऱ्याने कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

या दोन्ही प्रसंगांतून आम्ही एक धडा घेतो. ज्याच्या हाती लगाम नाही त्याला दुसऱ्याच्या मर्जीवर प्रवास करावा लागतो. आणि लगाम हाती आला पण शिक्षण मिळाले नाही, तर अपघात ठरलेला! म्हणून वाहन हवे आणि ते चालवण्याचे रीतसर शिक्षणही हवे. आजही कुठे दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवली जाते, अशा बातम्या आपण वाचतो. कोण कशावर बसून कुठल्या रस्त्याने जातो, हा प्रश्न या देशात अजून साधा झालेला नाही.

त्यात बाई असेल तर हा प्रश्न दुप्पट होतो. याच पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीमाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला. त्याही आधी, अडीच हजार वर्षांपूर्वी, महाप्रजापती गौतमी शाक्य स्त्रियांना घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी गेल्या. पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेले, अशा त्या विहाराच्या दारात उभ्या राहिल्या. आनंदाने त्यांची बाजू मांडली आणि भिक्षुणी संघाचे दार उघडले. स्त्रीने आपल्या इच्छेने केलेला तो प्रवास नसता, तर तो संघ स्थापन झाला असता का?

लुनापासून बॅटरीच्या स्कूटरपर्यंत

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. मग १९७२ साली पुण्याच्याच कायनेटिक कंपनीने लुना आणली. वजनाला हलकी, पायडल मारून सुरू होणारी, थोड्या पेट्रोलवर चालणारी. शिक्षिका, परिचारिका, टपाल खात्यातल्या आणि बँकेतल्या बायका लुनावरून कामाला जाऊ लागल्या. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. तिला गिअर नव्हते आणि बटण दाबले की ती सुरू होई. जड स्कूटर तिरकी करून किक मारण्याचा त्रास वाचला आणि साडी नेसणाऱ्या बाईलाही गाडी सोयीची झाली. आता बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर आल्या आहेत. तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळून भरधाव जाणारी मुलगी ही तर पुण्याची ओळखच होऊन बसली!

या शहराच्या मुली फार लांबही गेल्या आहेत. निगडीच्या वेदांगी कुलकर्णीने वयाच्या विशीत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१८ साली तिने सुमारे २९ हजार किलोमीटरचे अंतर १५९ दिवसांत पार केले. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटले गेले, कॅनडात अस्वल मागे लागले. तरी तिने प्रवास पुरा केला. आपल्या वस्तीतल्या मुलींनी हे नाव ध्यानात ठेवावे. तिला जे जमले ते येरवड्याच्या, बोपोडीच्या, ताडीवाला रोडच्या मुलीला का जमू नये? पैसा आणि पाठबळ यांचा फरक आहे, हे आम्ही नाकारत नाही. म्हणूनच तर समाजाने पाठीशी उभे राहायचे!

आपला हंगाम, आपल्या वाटा

आश्विन पौर्णिमेपासून भीमजयंतीपर्यंतचा काळ दुचाकीवरून फिरण्यास उत्तम. चैत्राचे ऊन चढले की दुपारचा प्रवास नकोसा होतो. या सहा महिन्यांत आपले अनेक महत्त्वाचे दिवस येतात, हा केवढा चांगला योग!

आरंभ जवळून करावा. देहूरोडचे बुद्धविहार शहरापासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धम्मदीक्षेच्या दोन वर्षे आधीची ही घटना आहे. तसेच पुढे गेले तर तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचा बंगला आहे. मात्र द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे ध्यानात ठेवून जुन्या मुंबई रस्त्यानेच जावे. याच रस्त्याने पुढे साठ किलोमीटरच्या सुमारास कार्ल्याची आणि भाज्याची लेणी लागतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत भिक्षुणीही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी त्या बायका या घाटवाटांवर होत्याच की!

१ जानेवारीला कोरेगाव भीमा. नगर रस्त्याने तीस किलोमीटर. २०१८ साली याच दिवशी तिथे हिंसाचार झाला, गाड्या जाळल्या गेल्या. त्यानंतर घरोघरी "यंदा बायकांनी जाऊ नये" असे म्हटले गेले. तरीही आपल्या भगिनी विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जात राहिल्या. त्या दिवशी वाहनतळ, वळवलेले रस्ते, गर्दी यांची माहिती आदल्या दिवशीच घ्यावी, गटाने जावे आणि उजेडात परतावे.

मार्च महिन्यात महाड. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि त्याच वर्षीचे २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन, या दोन्ही घटनांची ही भूमी. स्त्रीला कोंडून ठेवणारा ग्रंथ जिथे जळला तिथे स्त्रीने स्वतः गाडी चालवत जावे, यासारखी मानवंदना कोणती? अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवला जातो. तो सुरू झाल्याची खात्री करूनच निघावे. घाट चढण्याचा सराव नसेल तर पहिल्या वर्षी हा बेत करू नये.

निघण्यापूर्वी

पावसाने गाडीचे हाल होतात. हंगामापूर्वी ती मेकॅनिकला दाखवावी आणि स्वतः शेजारी उभे राहून काम समजून घ्यावे. ब्रेकच्या ड्रममध्ये चिखल जाऊन लायनर झिजतात. केबल गंजतात. एअर फिल्टर ओला होतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढते. टायरची नक्षी गेली असेल तर पैसे वाचवू नयेत. हवा आठवड्याला एकदा तपासावी. बॅटरीच्या स्कूटरचा चार्जर आणि वायर ओलीपासून जपावी आणि जाऊन-येऊन किती अंतर होते याचा हिशेब करूनच दूरचा बेत ठरवावा.

साडीचा पदर आणि ओढणी चाकात अडकून भीषण अपघात होतात. पदर खोचावा, ओढणीची टोके आत घ्यावीत, मागे बसणारीनेही तेच करावे. हेल्मेट दोघींनीही घालावे आणि त्यावर आयएसआयची खूण पाहून घ्यावी. परवान्याविना चालवू नये. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. म्हणजे आज अर्ज केला तर हंगाम हातचा जात नाही!

किल्लीचा प्रश्न

आता शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. आपल्या अनेक घरांत गाडीचा हप्ता बाईच्या पगारातून जातो, पण आरसी बुकावर नाव नवऱ्याचे किंवा मुलाचे असते. गाडी कामावर नेताना कुणी अडवत नाही. रविवारी ती बाहेर काढली की मात्र सवाल येतो, "आता कुठे निघालीस?" कामाला जाणारी बाई चालते, स्वतःच्या आनंदासाठी निघालेली बाई खुपते. ही मनूची छाया आहे आणि ती जयभीम म्हणणाऱ्या घरातही पडते, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप दिले. ते माप आपण आपल्या घरात लावून पाहतो का?

तेव्हा बांधवांनो, यंदा एक रविवार स्वयंपाक आणि पोरे तुम्ही सांभाळा. आणि भगिनींनो, विहारात पाच-सहाजणींचा गट करा. जिला येते तिने जिला येत नाही तिला मोकळ्या मैदानावर शिकवा. चाळीशी उलटली म्हणून मागे राहू नका. नवी गाडी घेताना कागदावर आपले नाव घालून घ्या. आणि प्रवारणेच्या दिवशी वंदना झाली की पहिला बेत ठरवूनच उठा. पंचवीस किलोमीटरचा का असेना!

जय भीम! नमो बुद्धाय!