झाडावर पिकलेलं पीच

आढी लावली की आंबा गोड होतो, पीच होत नाही. कोकणातला बागायतदार तयार झालेला पण कच्चा हापूस उतरवतो, पेंढ्यात ठेवतो आणि आठ-दहा दिवसांत त्याच्या गरातल्या स्टार्चची साखर होते. पीचच्या गरात स्टार्चचा असा साठा जवळजवळ नसतोच. त्याची साखर पानांकडून येते आणि फळ फांदीला आहे तोवरच येते. तोडल्यावर ते मऊ पडतं, वासही सुटतो. गोडी मात्र तोडणीच्या दिवशी होती तेवढीच राहते. शेवटचे चार-पाच दिवस झाडावर काढलेलं पीच आणि त्याआधीच उतरवलेलं पीच, एकाच फांदीवरची असली तरी चवीला वेगळी निघतात.

गोम अशी की याच चार-पाच दिवसांत ते इतकं नाजूक होतं की अंगठा टेकवला तरी डाग पडतो. ट्रक, मंडी, पुन्हा ट्रक, मग दुकानातली फळी एवढा प्रवास त्याला झेपत नाही. म्हणून व्यापारी ते टणक असतानाच तोडायला सांगतो. त्यात थंडाव्याचा घोळ वेगळा. शून्य अंशाच्या आसपास पीच बरं टिकतं. पण साधारण दोन ते आठ अंशांच्या पट्ट्यात ते काही दिवस राहिलं की आतला गर कोरडा आणि पिठूळ होतो. घरचा फ्रीज नेमका याच पट्ट्यात चालतो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून महागाचं लालबुंद फळ आणून ‘यात काय एवढं?’ म्हणणाऱ्याचं तसं काही चुकत नाही. त्याच्या हातात आलेलं असतं ते प्रवासाला सोसेल असं फळ. पीचची कीर्ती झाली ती दुसऱ्याच फळावर, बागेच्या आसपास राहणारे लोक खातात त्यावर.

हे फळ मूळचं चीनचं. पूर्व चीनमधल्या झेजियांग प्रांतातल्या उत्खननांत पीचच्या ज्या जुन्यातल्या जुन्या बिया सापडल्या, त्या साडेसात-आठ हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. आजही जगातली निम्म्याहून जास्त पीच चीनमध्येच पिकतात. तिथून ते इराणमार्गे युरोपात गेलं आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत पोचलं. तिथल्या मूळ रहिवाशांनी गोऱ्या वसाहतवाल्यांच्याही पुढे जाऊन ते लावलं. अ‍ॅरिझोनामधल्या कॅन्यन डी शेय या दरीत नवाहो लोकांच्या पीचच्या मोठ्या बागा होत्या. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना तिथून हुसकावलं, तेव्हा त्यांनी परतून येऊ नये म्हणून हजारो झाडं तोडून टाकली.

पीच आणि अमेरिका म्हटलं की लोकांच्या तोंडी येतं ते जॉर्जिया राज्य. त्याची गोष्ट सुरू होते मार्शलव्हिल नावाच्या एका लहान गावात. सॅम्युएल रंफ यांनी १८७० च्या सुमारास ‘चायनीज क्लिंग’ जातीच्या बिया तिथे पेरल्या. ही जात १८५० मध्ये शांघायहून अमेरिकेत आली होती. त्यातल्या एका रोपाला काही वर्षांनी मोठी, पिवळ्या गराची, बीपासून सहज सुटणारी फळं लागली. रंफ यांनी त्या जातीला पत्नीचं नाव दिलं: एल्बर्टा. फळ गोड होतंच, पण तिचं नशीब उघडलं ते दुसऱ्याच गुणामुळे. ती त्या काळच्या इतर पीचपेक्षा घट्ट होती. बर्फाच्या पेट्यांत घालून रेल्वेने न्यूयॉर्कपर्यंत नेली तरी टिकत असे. वाहतुकीची ही सोय बसवण्यातही रंफ यांचा मोठा वाटा होता.

यादवी युद्धानंतर जॉर्जियाला कापसाखेरीज एखादं रोख पीक हवंच होतं. वेळापत्रकही जुळून आलं. कापसाची खुरपणी संपलेली आणि वेचणी सुरू व्हायची, अशा मधल्या उन्हाळ्यात पीचची तोडणी येते. तेव्हा कापसात राबणारे तेच कृष्णवर्णीय मजूर तुटपुंज्या मजुरीवर बागांतही मिळत. फोर्ट व्हॅली या गावी वसंतात फुलोत्सव भरायचे, १९२४ मध्ये तर ‘पीच’ याच नावाचा जिल्हा तयार झाला. १९२८ च्या हंगामात राज्याने सुमारे ८० लाख बुशेल पीच काढली. एक बुशेल म्हणजे अंदाजे २२ किलो. तो उच्चांक पुन्हा कधी गाठला गेला नाही. आज जॉर्जियापेक्षा कितीतरी जास्त पीच कॅलिफोर्नियात होतात, आणि शेजारचं साउथ कॅरोलायनाही पुढे आहे. त्यांनी गॅफनी गावाजवळ हमरस्त्याला लागून १९८१ मध्ये पाण्याची एक अवाढव्य टाकी उभारली. टाकीचा आकार पीचचा. जॉर्जियाला याहून जाहीर चिमटा काढणं अवघड आहे. तरी जॉर्जियाच्या मोटारींच्या नंबरप्लेटवर पीच आहे, अटलांटा शहरात ‘पीचट्री’ नावाचे रस्ते डझनांनी आहेत, आणि तिथे नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी पत्ता शोधताना त्या रस्त्यांनी एकदा तरी घोळात घेतलेलं असतं. बागा मात्र शहरापासून दीडशे किलोमीटर दक्षिणेला आहेत.

एल्बर्टाच्या घट्टपणाने बाजाराला एक चटक लावली. जी जात जास्त लांब जाईल, जास्त लाल दिसेल, ती चांगली. पुढच्या शंभर वर्षांत पैदासकारांनी याच दिशेने शेकडो जाती काढल्या. यातली लाली हा तर शुद्ध देखावा. सालीवरचा लाल रंग जातीवर आणि उन्हावर अवलंबून असतो, पिकण्याशी त्याचा संबंध थोडाच. पीच पिकलं की नाही हे त्या लालीखालचा मूळ रंग सांगतो. तो हिरवट असेल तर फळ कच्चं, पिवळा झाला तर तयार.

या स्पर्धेत मागे पडलेली एक जात म्हणजे ‘सन क्रेस्ट’. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहराच्या दक्षिणेला डेल रे इथे डेव्हिड मास मासुमोटो यांच्या शेतात ती होती. मासुमोटो घराणं मूळचं जपानी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यात हे कुटुंबही अ‍ॅरिझोनातल्या हिला रिव्हर छावणीत गेलं. युद्ध संपल्यावर परत येऊन डेव्हिड यांच्या वडिलांनी जमीन घेतली आणि बाग लावली. त्यांची सन क्रेस्ट पीच रसाने ओथंबलेली, सुवासिक. पण रंग अंबरासारखा पिवळट आणि टिकाऊपणा नावाला. बाजारात त्यांना भाव मिळेना. झाडं बुलडोझरने काढून टाकायची वेळ आली, तेव्हा मासुमोटो यांनी १९८७ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. वाचकांची पत्रं आली की झाडं काढू नका. त्यांनी काढली नाहीत. पुढे १९९५ मध्ये त्यांचं ‘एपिटाफ फॉर अ पीच’ हे पुस्तक आलं आणि त्या जातीला तिचं गिऱ्हाईक सापडलं. ते होतं चांगले आचारी, सेंद्रिय फळांची दुकानं आणि वाट वाकडी करून येणारे लोक.

मासुमोटोंकडे एल्बर्टाचीही जुनी झाडं आहेत आणि त्यांची विक्री हा आणखी मजेदार प्रकार आहे. बाजारात ही फळं चालत नाहीत, म्हणून लोकांनी झाडच दत्तक घ्यायचं. इच्छुकांनी रीतसर अर्ज करायचा, त्यात आपण या झाडाला लायक का ते लिहायचं, पैसे आगाऊ भरायचे आणि उन्हाळ्यात ठरलेल्या सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळी जमवून येऊन स्वतः तोडणी करायची. एका झाडाला दीडशे-दोनशे किलो फळ लागतं, त्यामुळे एका घराला ते पेलत नाही आणि टोळी करूनच यावं लागतं. प्रवासात टिकते म्हणून ज्या एल्बर्टाने अमेरिका जिंकली, तीच आता इतकी मऊ ठरली आहे की खाणाऱ्यालाच बागेत यावं लागतं. एल्बर्टा होती तशीच राहिली, बाजाराची टणकपणाची अपेक्षा तेवढी वाढत गेली.

बागेत जाऊन फळ खाणाऱ्याला तिथली मेहनत सहसा दिसत नाही. पीचला फळ धरतं ते गेल्या वर्षी वाढलेल्या कोवळ्या काडीवर, त्यामुळे दर हिवाळ्यात छाटणी चुकत नाही. मधला भाग मोकळा ठेवून फांद्या बाहेर वळवायच्या, म्हणजे आत ऊन पोचतं. मग खरा जिवावर येणारा भाग असतो विरळणीचा. झाड आपल्याला पोसवेल त्याच्या कितीतरी पट फळं धरतं. ती तशीच ठेवली तर सगळी लिंबाएवढी राहतात आणि फांद्याही मोडतात. म्हणून फळ बोराएवढं असतानाच हातांनी खुडून दोन फळांत वीतभर अंतर राखावं लागतं. जमिनीवर हिरव्या फळांचा सडा पडतो आणि तो आपणच पाडलेला असतो. तोडणीही एका फेरीत होत नाही. एकाच झाडावरची फळं मागेपुढे पिकतात, त्यामुळे मजूर तीन-चार वेळा फिरून येतात. जॉर्जियात हे काम आज मुख्यतः हंगामी परवान्यावर मेक्सिकोहून आलेले मजूर करतात. एवढं करून झाडाचं आयुष्य बेताचं. पंधरा-वीस वर्षांत बाग उपटून नवी लावायची.

आणि हे सगळं हिवाळ्याच्या मर्जीवर. पीचचं झाड थंडीत झोपतं आणि पुरेशी थंडी मोजल्याशिवाय नीट जागं होत नाही. बागायतदार हा हिशेब तासांत ठेवतात. पारा साधारण सात अंशांच्या खाली किती तास राहिला, ते धरायचं. एल्बर्टासारख्या जुन्या जातींना असे आठशेच्या आसपास तास लागतात. थंडी कमी पडली तर मोहोर तुटक येतो, फळ धरत नाही. उलट फेब्रुवारीत अवेळी ऊब आली तर झाड लवकर फुलतं आणि मार्चच्या एका कडाक्याच्या रात्रीत सगळी फुलं जळून जातात. २०१७ च्या उबदार हिवाळ्याने जॉर्जियाचं बहुतेक पीक नेलं. २०२३ मध्ये आधी ऊब आणि मग मार्चचं हिमदव असे दोन्ही फटके लागोपाठ बसले आणि नव्वद टक्क्यांहून जास्त पीक गेलं. त्या उन्हाळ्यात ‘पीच स्टेट’मधल्या दुकानांतही बाहेरच्या राज्यांची फळं दिसत होती.

महाराष्ट्रात पीचच्या बागा का नाहीत, याचं उत्तर याच हिशेबात आहे. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. पण सकाळी नऊ-दहाला ऊन तापतं आणि अशा रात्री मोजक्याच असतात. शेकडो तासांची बेरीज होत नाही.

पंजाबने यावर वाट काढली, फ्लोरिडाच्या मदतीने. फ्लोरिडा विद्यापीठाने १९५० च्या दशकापासून कमी थंडीत फळणाऱ्या जाती तयार केल्या. त्यातल्या काही लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने तपासून शेतकऱ्यांना दिल्या. ‘फ्लोर्डा प्रिन्स’ला दीडशे तासांची थंडी पुरते. ‘शान-ए-पंजाब’, ‘प्रताप’ या जातीही तिकडे रुजल्या. मैदानातली ही फळं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे डोंगरातली यायच्या आधीच बाजारात येतात. पहिल्या आवकेचा भाव मिळतो, म्हणून शेतकऱ्याला ती परवडतात. चवीबाबत मात्र डोंगरवाले त्यांना नाकं मुरडतात.

डोंगरात हे फळ ‘आडू’ या नावाने मिळतं. कुमाऊँमध्ये रामगढ, मुक्तेश्वर हा जुना फळपट्टा. काठगोदामहून भवालीकडे चढताना जूनमध्ये रस्त्याकडेला टोपल्यांत आडू, खुबानी आणि पुलम म्हणजे आलुबुखार मांडून लोक बसलेले असतात. तिकडची पद्धत अशी की जरा कचकच करणारा आडू कापायचा आणि हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर घालून पाट्यावर वाटलेलं मीठ, ‘पिस्यू लूण’, लावून खायचा. अमेरिकेत हेच फळ साखर, लोणी घालून भाजतात; फोर्ट व्हॅलीच्या पीच महोत्सवात अवाढव्य ट्रेमध्ये ‘कॉबलर’ भाजला जातो. दोन्हींतलं कुमाऊँचं मीठ आपल्या कैरीच्या सवयीला जवळचं.

हिमाचलात सोलनच्या पलीकडे सिरमौर जिल्ह्यातलं राजगढ आडूसाठी ओळखलं जातं. तिथली मुख्य जात ‘जुलै एल्बर्टा’, म्हणजे मार्शलव्हिलच्या एल्बर्टाचं नाव इथपर्यंत पोचलेलं आहे. पिवळ्या गराची ही फळं जून-जुलैमध्ये चंदीगड, दिल्लीच्या मंड्यांत उतरतात. गेल्या काही वर्षांत मात्र तिथल्या बागा खचत चालल्या आहेत. फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाने झाडांची पानं लहान होतात, वाढ खुंटते, झाड हळूहळू वाळतं. लागण झालेलं झाड बरं होत नाही. ते उपटणं एवढंच हाती उरतं. जवळच नौणीला डॉ. यशवंत सिंह परमार फलोद्यान विद्यापीठ आहे. निरोगी कलमं लावा, रोग पसरवणाऱ्या किडी आवरा, हा तिथला सल्ला. काही जण तसं करून पुन्हा आडू लावतात, तर काहींनी त्या बांधांवर लसूण आणि भाजीपाला घेतला आहे.

पुण्या-मुंबईच्या माणसाला जूनमध्ये सिमल्याकडे जायचा योग आला, तर सोलनच्या रस्त्यावर पेटी घेताना लालीकडे न पाहता देठाच्या खळग्यातला रंग पाहावा. तो पिवळा हवा, आणि फळ नाकाशी धरल्यावर वास यायला हवा. दाबून बघू नये, विकणाऱ्याचं नुकसान होतं. किंचित घट्ट असतील ती खोलीत एका थरात, देठ खाली करून ठेवावीत; दोन दिवसांत नरम होतात. मग वाटलं तर खाण्याआधी तासभर गार करावीत. परतीच्या विमानात मात्र ती सामानात टाकू नयेत, चंदीगडच्या विमानतळावर बसूनच संपवलेली बरी.