पिलाचा पहिला धडा

घरात कुत्र्याचे पिलू आणले की मुलांच्या आनंदास पारावार राहत नाही. त्याचे लुकलुकणारे डोळे, मऊ कान आणि पायांत घोटाळत चालणे पाहण्यासाठी शेजारची मुलेही अंगणात गोळा होतात. त्याचे नाव काय ठेवावे, ह्यावरून वाद रंगतात. परंतु दोन दिवस उलटतात न उलटतात, तोच ह्या आनंदावर विरजण पडते. आईने सकाळी सारवलेल्या ओसरीत पिलू लघवी करून ठेवते, धानाच्या पोत्यांआड घाण करते. मग घरातील मोठी माणसे चिडतात. पिलाच्या पाठीत रट्टा बसतो आणि कित्येकदा कोणीतरी त्याला पिशवीत घालून गावाबाहेर सोडून येतो. त्या मुक्या जिवाचा अपराध एवढाच असतो, की जे त्याला कोणी शिकवलेच नाही, ते त्याला आले नाही.

वस्तुतः कुत्रा हा जात्याच नीटनेटका प्राणी आहे. नुकतेच जन्मलेले पिलू आंधळे व बहिरे असते. त्याचे डोळे सुमारे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. ह्या काळात त्याला आपण होऊन मलमूत्र विसर्जनही करता येत नाही. आई आपल्या जिभेने त्याचे अंग चाटते, तेव्हाच ती क्रिया घडते. आणि ती घाणही आईच चाटून साफ करते. त्यामुळे पिलांची जागा कोरडी व स्वच्छ राहते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिलाच्या पायांत बळ येते. मग कोणी न सांगता ते निजण्याच्या जागेपासून चार पावले दूर जाऊन आपला विधी उरकू लागते. 'जेथे निजावे, तेथे घाण करू नये' हा नियम घेऊनच ते आपल्या घरी येते. म्हणूनच पिलू निदान आठ आठवड्यांचे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नये.

कुत्र्याचे रानटी भाईबंदही असेच वागतात. भंडारा व गोंदिया ह्या जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात रानकुत्र्यांचे कळप आहेत. त्यांना कोळसून असेही म्हणतात. रानकुत्रा व पाळीव कुत्रा ह्या दोन निराळ्या जाती असल्या, तरी त्यांचे कुळ एकच आहे. रानकुत्र्याची मादी बिळात किंवा खडकाच्या कपारीत पिले घालते आणि कळपातील इतर रानकुत्रीही त्या पिलांना खाऊ घालतात. मोठी झालेली रानकुत्री जंगलातील वाटा जेथे एकमेकींस मिळतात, अशा ठरावीक जागी विष्ठा टाकतात. एकाच जागी अनेक जनावरांची विष्ठा पडलेली आढळते. ठरलेल्या जागेकडे पुन्हा पुन्हा वळणे, ही ह्या कुळाची रीतच आहे.

मग आपल्या घरातील पिलू ओसरी का घाण करते? त्याचे कारण सोपे आहे. पिलाच्या दृष्टीने 'आपले घर' म्हणजे त्याचे गोणपाट आणि त्याच्या आसपासची हातभर जागा. स्वयंपाकघर, माजघर, ओसरी हे सारे त्याला बाहेरचेच वाटते. सारे घर हे आपलेच निजण्याचे ठिकाण आहे, ही गोष्ट त्याला शिकवावी लागते. शिवाय त्याचे मूत्राशय लहान असते आणि स्नायूंवर त्याचा पुरता ताबा नसतो. दोन महिन्यांचे पिलू जागेपणी फार तर दोन तास थांबू शकते. मोठे होईल तसतशी ही शक्ती वाढत जाते. तान्ह्या बाळाने दुपटे ओले केले म्हणून आपण त्याला मारीत नाही. पिलाच्या बाबतीतही तोच विचार करावयास हवा.

ह्या शिक्षणाचे पहिले सूत्र म्हणजे वेळ. पिलू झोपून उठले, त्याचे खाणे झाले किंवा त्याचा खेळ संपला, की त्याला ताबडतोब बाहेर न्यावे. पोटात अन्न पडले की आतड्यांना चालना मिळते. त्यामुळे खाल्ल्यावर थोड्याच वेळात त्याला शौचास होते. दिवसभर येता-जाता तुकडे टाकले, तर ही वेळ कधी येईल ते सांगता येत नाही. परंतु दूधभात, भाकरी किंवा जे काही द्यावयाचे ते नेमाने ठरावीक वेळी दिले, तर बाहेर जाण्याची वेळही आपोआप ठरून जाते. दोन महिन्यांच्या पिलाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. पाणी मात्र कधीही तोडू नये. पाणी तोडल्याने सवय लागत नाही, केवळ पिलाचे हाल होतात.

दुसरे सूत्र म्हणजे जागा. घरामागच्या सांदवाडीत विहिरीपासून व भाजीच्या वाफ्यांपासून दूर असा एक कोपरा निवडावा. पिलाच्या गळ्यात सैल दोरी बांधून त्याला रोज त्याच वाटेने त्या कोपऱ्यात न्यावे आणि आपण स्वस्थ उभे राहावे. त्या वेळी त्याच्याशी खेळू नये; नाहीतर खेळाच्या भरात ते आल्याचे कामच विसरते. कुत्र्याचे नाक आपल्या नाकाहून कितीतरी तीक्ष्ण असते. कालचा वास आज त्याला तेथे मिळतो आणि तो वासच त्याला जागेची आठवण करून देतो.

तिसरे सूत्र म्हणजे खूण. बाहेर नेताना दर वेळी 'चल बाहेर' असे एकच वाक्य एकाच स्वरात म्हणावे. आज एक शब्द, उद्या दुसरा, असे करू नये. इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९-१९३६) हे रशियन शास्त्रज्ञ कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत होते. ह्या अभ्यासासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी अन्न देण्यापूर्वी दर वेळी एक ठरावीक आवाज ऐकविण्याचा प्रयोग केला. काही दिवसांनी नुसत्या त्या आवाजानेच लाळ येऊ लागली. दोन गोष्टी वारंवार एकामागून एक घडल्या, की कुत्र्याच्या मनात त्यांची गाठ बसते. 'चल बाहेर' हे शब्द आणि सांदवाडीचा कोपरा ह्यांची गाठही अशीच बसते.

चौथे सूत्र म्हणजे शाबासकी. पिलाने योग्य जागी विधी उरकला, की त्याच क्षणी त्याला गोंजारावे, गोड शब्द बोलावे आणि भाकरीचा एखादा तुकडा द्यावा. घरात परत येऊन तुकडा दिला, तर तो घरात येण्याबद्दल मिळाला, असे त्याला वाटेल. शाबासकी आणि कृती ह्यांच्यात एक-दोन क्षणांपेक्षा अधिक अंतर पडू देऊ नये.

आता शिक्षेविषयी थोडे सांगितले पाहिजे. पिलाने घाण केली, तर त्याचे नाक त्या घाणीत घासावे, असा एक समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज चुकीचा आहे आणि क्रूरही आहे. अर्ध्या तासापूर्वीच्या कृत्याचा आणि आताच्या माराचा संबंध पिलाला जोडता येत नाही. ते एवढेच शिकते, की हा माणूस जवळ आला म्हणजे मार बसतो. मग ते माणसासमोर लघवी करण्यास भिते आणि खाटेखाली किंवा पोत्यांमागे लपून ती करू लागते. म्हणजे जी सवय मोडावयाची, तीच अधिक पक्की होते.

'पण त्याचा चेहरा तर अपराध्यासारखा होतो!' असे तुम्ही म्हणाल. ह्याचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेतील संशोधिका अलेक्झांड्रा हॉरोविट्झ ह्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊला तोंड लावू नकोस, असे कुत्र्याला सांगून मालक खोलीबाहेर जात असे. काही वेळा कुत्रा खाऊ खाई, काही वेळा खात नसे. परंतु मालकाला मात्र खरे सांगितले जाईच असे नाही. ज्या कुत्र्यांनी काहीच केले नव्हते, तेही मालक रागावताच मान खाली घालून केविलवाणे तोंड करीत. ते तोंड अपराधाचे नव्हते. ते मालकाच्या रागाला दिलेले उत्तर होते.

तेव्हा पिलाला मारण्यापेक्षा त्याच्यावर नजर ठेवावी. ते जमीन हुंगू लागले, एकाच जागी गोल गोल फिरू लागले किंवा खेळ सोडून एकाएकी कोपऱ्याकडे वळले, की वेळ झाली असे समजावे आणि त्याला उचलून बाहेर न्यावे. घरातल्या घरात ते चुकताना दिसलेच, तर हलकी टाळी वाजवून त्याला थांबवावे व कोपऱ्यात न्यावे. जेव्हा लक्ष ठेवणे शक्य नसेल, तेव्हा थोडा वेळ त्याला लहानशा जागेत ठेवावे. लाकडी खोक्यात तणीस पसरली, की छान बिछाना होतो. आपला बिछाना ओला होऊ नये म्हणून पिलू स्वतःच धीर धरू लागते. मात्र तासन्‌तास त्याला कोंडून ठेवणे म्हणजे त्याचा छळ करणे होय.

एखादे वेळी घरात घाण झालीच, तर वासाचा लवलेशही मागे उरू देऊ नये. नाहीतर ती जागाच पिलाला खूण वाटू लागते. फरशी असेल तर ती साबणाच्या पाण्याने धुवावी आणि कोरडी पुसावी. सारवलेली जमीन ओलावा शोषून घेते; म्हणून तेथील ओली माती खरवडून काढावी, नवी माती भरून चोपावी आणि मग सारवावे. नुसते वरून सारवले, तर आपल्याला वास येत नाही, पण पिलाला येतो.

आपल्या भागातील ऋतूंचाही विचार करावा लागतो. वैनगंगेच्या ह्या धानाच्या मुलखात रोवणीच्या दिवसांत घरची माणसे सकाळीच बांधीत जातात. त्या वेळी आणलेल्या पिलाकडे पाहण्यास घरी कोणी नसते. ह्याउलट गावातल्या कुत्र्यांची पिले बहुधा पावसाळा सरल्यावर आणि हिवाळ्यात जन्मतात. तेव्हा धान घरात आलेले असते, तणसीचा तोटा नसतो आणि माणसांनाही थोडी उसंत असते. शिक्षणास हाच काळ चांगला. पावसाळ्यात भिजण्याच्या भीतीने पिलू बाहेर पडत नाही. म्हणून गोठ्याच्या वळचणीखालची कोरडी जागा त्याला आधीपासून दाखवून ठेवावी. रात्रीही लहान पिलाला एकदा बाहेर न्यावे लागते. कोका अभयारण्यासारख्या रानाजवळच्या गावांत बिबट्या कुत्र्यांच्या शिकारीसाठी वस्तीत शिरतो. तेथे मुलांनी रात्री एकट्याने बाहेर जाऊ नये. हे काम मोठ्या माणसाने कंदील किंवा बॅटरी घेऊन करावे.

स्वच्छतेचा संबंध आरोग्याशीही आहे. पिलांच्या पोटात पुष्कळदा जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे मातीत मिसळतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून कोपऱ्यातील विष्ठा रोज खोल पुरावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पिलाला जंताचे औषध द्यावे, सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून इतर लसी व तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्यावी. लसी पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री जेथे घाण करतात, तेथे त्याला नेऊ नये. कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा ओरखडा लागला, तर ती गोष्ट लपवू नये. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु वेळेवर लस घेतली, तर तो रोग टळतो.

हे शिक्षण एका दिवसात संपत नाही. काही पिले थोड्या आठवड्यांत शिकतात, काहींना कित्येक महिने लागतात. चार दिवस सारे सुरळीत चालावे आणि पाचव्या दिवशी पुन्हा ओसरी ओली व्हावी, असेही घडते. अशा वेळी नेम सोडू नये. चुका अधिक होऊ लागल्या, तर पिलाला बाहेर नेण्याच्या खेपा वाढवाव्यात. एकाएकी वारंवार थोडी थोडी लघवी होऊ लागली, तर तो आजारही असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना दाखवावे. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जनावरास मारहाण करणे, तसेच सबळ कारणावाचून त्याला उपाशी मरण्यास वाऱ्यावर सोडून देणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. पिलू घरी आणताना ही जबाबदारीही आपण घरी आणीत असतो.

मनुष्याचे आणि कुत्र्याचे नाते फार जुने आहे. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक प्राचीन दफन सापडले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या त्या जागी एक पुरुष, एक स्त्री आणि सुमारे सात महिन्यांचे कुत्र्याचे एक पिलू ह्यांचे अवशेष होते. पिलाच्या दातांवरील खुणांवरून संशोधकांनी असे अनुमान काढले, की मृत्यूपूर्वी ते कित्येक आठवडे अतिशय आजारी असावे. अशा स्थितीत कोणी त्याला ऊब दिली नसती, पाणी पाजले नसते आणि त्याची घाण काढली नसती, तर ते इतके दिवस जगलेच नसते. त्या आजारी पिलाचा त्या माणसांना शिकारीसाठी काहीच उपयोग नव्हता. तरीही त्यांनी त्याला टाकून दिले नाही. तुमच्या ओसरीतील पिलू तर धडधाकट आहे आणि शिकावयास उत्सुक आहे. त्याला हवा आहे तो थोडा नेम आणि पुष्कळ धीर. पिलाचा पहिला धडा घरात स्वच्छ राहण्याचा असतो. पण तो धडा देता देता आपणही एक धडा घेत असतो. रागावण्यापूर्वी शिकवावे आणि शिकविताना कंटाळू नये, हाच तो धडा होय.