चिखलातील सायकल आणि दुसऱ्याची वाट

रविवारची सुटी ही आभाळातून पडलेली वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे १० जून १८९० पासून मिळाली. त्या सुटीचा आम्ही गिरगावातील सहा मित्र पावसाळ्यात एक उपयोग करतो. पहाटे सायकली काढून गोरेगावची आरे वसाहत गाठायची आणि तेथल्या झाडीतील कच्च्या वाटा धरायच्या.

डोंगरी सायकलीचा हा खेळ १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वाढला आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये आला. त्याचे शास्त्र मात्र कोणाही कामगाराला समजेल असे आहे. डांबरी रस्त्यावर अरुंद व टणक टायर बरा. चिखलात तो रुंद, खोल नक्षीचा आणि थोडा नरम असावा. नरम टायर जमिनीवर अधिक पसरतो, भार वाटला जातो आणि चाक कमी रुतते. चढावर हलका गिअर घालावा व बैठक सोडू नये. उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते जागच्या जागी फिरू लागते. ओल्या मुळावरून तिरपे न जाता काटकोनात जावे व त्या क्षणी पुढचा ब्रेक दाबू नये. हे आम्ही आपटून शिकलो.

दुसरा धडा मात्र वारली पाड्यावरच्या एका बाईने दिला. डबके चुकविण्यासाठी आम्ही सहाही जण कडेच्या गवतातून गेलो होतो. ती म्हणाली, “तुमची मौज झाली, भाऊ, उद्या याच वाटेनं आमची पोरं शाळेत जायची आहेत.”

आम्ही मागे वळून पाहिले. गवत उखडले होते, वाट दुप्पट रुंद झाली होती आणि चाकांच्या चाकोऱ्यांतून पाणी धावत होते. पाण्याला असा पाट मिळाला की ते माती घेऊन जाते, आणि दर पावसात तो पाट खोल होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या हक्कांवर भाषणे करणाऱ्या आम्हांला उत्तर सुचेना.

तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. डबके आले तर मधूनच जायचे. चाक रुतू लागले तर उतरायचे आणि आल्या वाटेने परतायचे. सुटी आमच्या हक्काची असली, तरी ती वाट दुसऱ्यांच्या रोजच्या कामाची आहे.