रंध्याचा अडकलेला स्क्रू आणि आपली घाई



१ ऑगस्ट जवळ आला की आपल्या शेडात काय धांदल असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. बंदीचे दोन महिने होड्या वर ओढलेल्या असतात आणि दुरुस्ती नेमकी शेवटच्या दहा दिवसांत आठवते. यंदा जुलैच्या शेवटी दोन होड्यांच्या फळ्या बसवायच्या राहिल्या होत्या. त्यातच संस्थेचा इलेक्ट्रिक रंधा बंद पडला. मोटर फिरत होती, पण पात्याचा रोलर फिरत नव्हता. म्हणजे आतला पट्टा गेला.

पट्टा काही मोठ्या खर्चाची वस्तू नाही, बदलायला दहा मिनिटं पुरतात. बाजूचं झाकण तीन स्क्रूंवर असतं. दोन निघाले, तिसरा हलेना. शेडातल्या एका पोराने बॅटरीवरचा ड्रिल लावून जोरात फिरवला. टर्र आवाज झाला आणि डोक्यावरच्या फुलीच्या खाचेची गोल वाटी झाली. मग कुणीतरी छिन्नी लावून हातोडी मारली. स्क्रू तसाच राहिला, झाकणाचा कोपरा मात्र चिरला.

आम्ही त्या पोराला दोष देत नाही. आम्हीही तिथेच उभे राहून "मार अजून" म्हणत होतो. दहा मिनिटांच्या कामाला तीन संध्याकाळ गेल्या. त्या तीन दिवसांत आम्ही जे शिकलो ते सगळ्यांच्या उपयोगाला यावं म्हणून लिहितो.

स्क्रू अडकतो का?

रंध्याची बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि स्क्रू लोखंडी. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची पांढरी पूड होते. ती पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांत पाचर मारल्यासारखी बसते. आपली शेड किनाऱ्याला, त्यात खाऱ्या हातांनी मशीन हाताळायची. म्हणून गावातल्या सुताराचा रंधा दहा वर्षं उघडतो आणि आपला दोन वर्षांत चिकटतो.

दुसरं कारण स्क्रू ड्रायव्हर. फुलीचे स्क्रू दिसायला सारखे, पण सगळे एक नाहीत. साधा फिलिप्स हा अमेरिकन प्रकार १९३०च्या दशकात आला. त्याच्या खाचेच्या भिंती तिरक्या असतात, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर वर उसळतो. जपानी बनावटीच्या मशीनमध्ये पुष्कळदा जपानी मापाची फुली असते. तिच्यावर कधी कधी एक बारीक टिंब असतं. तिच्यात साधा फिलिप्स ड्रायव्हर तळापर्यंत बसत नाही, वरच्या वर घासतो. आपल्या आउटबोर्ड इंजिनांवरही असे स्क्रू भेटतात. इंजिनाच्या स्क्रूंची डोकी का झिजतात, याचं एक कारण हेच.

मेस्तांनी काम कसं केलं

आमचे जुने मेस्त आले. त्यांनी आधी प्लग काढून वायर स्वतःच्या खांद्यावर टाकली. म्हणाले, "आता कोण चुकून चालू करतो बघू." हे पहिलं. बॅटरीची मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवायची.

मग क्रमाने असं:

१. खाच साफ करणे. सुईने किंवा टोच्याने फुलीतला भुसा, रंग, गंज उकरून काढायचा. अर्धे स्क्रू याच पायरीला वाचतात, कारण ड्रायव्हर तळाला टेकतो.

२. आटे कुठल्या बाजूने फिरतात ते बघणे. बहुतेक स्क्रू डावीकडे फिरवले की सुटतात. पण फिरत्या भागांवर काही ठिकाणी उलटे आटे असतात. ड्रिल मशीनच्या चकच्या पोटात जो स्क्रू असतो, तो बहुधा उलट्या आट्यांचा असतो. शंका असेल तर मशीनचं पुस्तक बघा. उलट्या आट्याचा स्क्रू आपण सोडवतो म्हणून आवळतच जातो.

३. गंज सोडवायचं तेल. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे दोन-तीन थेंब, फक्त स्क्रूच्या कडेला. मशीन अशी आडवी ठेवायची की तेल मोटरीकडे जाणार नाही. रात्रभर थांबायचं. घाई इथेच नडते. पाच मिनिटांत तेल आट्यांत उतरत नाही.

४. ठोका. नेमका बसणारा ड्रायव्हर खाचेत उभा धरून मागून हलके दोन-चार ठोके. गंजाची पकड हलते. बॉडी अॅल्युमिनियमची आहे, घण घातल्यासारखं मारायचं नाही.

५. आधी किंचित आवळणे, मग सोडणे. ऐकायला उलटं वाटतं, पण चिकटलेला आटा त्याने हलतो. अंगाचा भार ड्रायव्हरवर खाली द्यायचा आणि हाताने सावकाश फिरवायचं. बॅटरीचा ड्रिल इथे लावायचा नाही.

६. खाच थोडी झिजली असेल तर ड्रायव्हरच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा. तिच्यातली रेव पकड देते. गॅरेजवाल्याकडे मिळते. ती नसेल तर सायकलच्या ट्यूबचा रुंद तुकडा मध्ये ठेवून दाबा.

७. उष्णता. तेल पूर्ण पुसून, सोल्डरिंग आयर्न दोन-तीन मिनिटं स्क्रूच्या डोक्यावर धरायचा. उष्णतेने अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे पकड ढिली होते. गॅसची ज्योत नको. आत प्लास्टिक, वायरी आणि तेलाने भिजलेला भुसा असतो.

आमचा स्क्रू एवढ्यानेही निघाला नाही, कारण खाच उरलीच नव्हती. डोकं झाकणाच्या खड्ड्यात असल्यामुळे हॅकसॉने नवी खाच पाडता येईना, व्हाइस ग्रिपनेही धरता येईना. मग एकच उपाय उरला, डोकं ड्रिलने उडवायचं.

मेस्तांनी मधोमध सेंटर पंचाने खूण केली. आधी ३ मिलिमीटरचं बिट, मग स्क्रूच्या दांड्याएवढं, म्हणजे ५ मिलिमीटरचं. वेग कमी, डोळ्यांना चष्मा. डोकं सुटून बिटाबरोबर फिरू लागलं तसं थांबले. झाकण वर उचललं. मागे राहिलेला दांडा बोटभरही नव्हता, पण व्हाइस ग्रिपला पुरला. थोडा पुढे, थोडा मागे करत तो आला. डोकं गेलं की वरचा ताण जातो, म्हणून उरलेला दांडा बरेचदा सहज निघतो. लोखंडाचा कीस लोहचुंबकाने उचलला. अॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, तो ब्रशने झाडला.

तुटका स्क्रू काढायचे उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर बाजारात मिळतात. बारीक स्क्रूला ते जपून वापरा. आत मोडले तर ते इतके कडक असतात की साधं ड्रिल त्यांच्यावर चालत नाही.

एक जागा जिथे हात घालायचा नाही

वरचं सगळं झाकणाच्या स्क्रूपुरतं. पातं धरून ठेवणारे बोल्ट वेगळे. रंध्याचा रोलर मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेतो. तिथला बोल्ट झिजला आणि आपण छिन्नीने आवळून वेळ मारून नेली, तर पातं सुटून बाहेर येईल. समोर कोण उभा आहे ते पातं बघत नाही. त्या बोल्टचं डोकं गोल झालं तर मशीन वर्कशॉपला पाठवायची. बदली बोल्ट त्याच मशीनचा, पुरा संच घालायचा. इंजिनाच्या डब्यात सापडलेला "साधारण तसाच" बोल्ट चालणार नाही. फळी चार दिवस थांबेल, हाताची बोटं परत येत नाहीत.

परत बसवताना

नवा स्क्रू घालताना आटे ब्रशने साफ करून आट्यांना थोडं ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावायची. स्टेनलेसचा स्क्रू घातला म्हणजे काळजी मिटली असं समजू नका. अॅल्युमिनियममध्ये तोही चिकटतो, ग्रीस लागतंच. स्क्रू दोन-तीन आटे आधी बोटांनी फिरवायचा, म्हणजे तिरका जात नाही. ड्रायव्हरने आवळून बसला की थांबायचं. सांडलेलं तेल पुसूनच मशीन चालू करायची, कारण मोटरीच्या कार्बनला ठिणगी पडते.

आता संस्थेपुरतं. रंधा एकाचा नाही, सगळ्यांचा आहे. शेडातल्या वहीत यापुढे कोणी नेला, कोणी आणला, याच्याबरोबर "स्क्रू, पातं, वायर पाहिली" असा एक रकाना केला आहे. वापर झाला की कोरड्या फडक्याने पुसून डब्यात ठेवा, ताडपत्रीखाली नको. दोन मापांचे चांगले ड्रायव्हर आणि पेस्टची डबी त्याच डब्यात ठेवली आहे. ती दुसऱ्या कामाला नेऊ नका.

आणि स्क्रू पहिल्यांदा टर्र वाजला की हात थांबवा. तेवढ्यात तो वाचतो. दुसऱ्या टर्रला मेस्तांना बोलवावं लागतं, तिसऱ्याला झाकण चिरतं. आम्ही तिन्ही करून बसलो आहोत.

दोन्ही होड्या ३१ जुलैच्या रात्री पाण्याजवळ लागल्या. चिरलेलं झाकण आम्ही बदललं नाही. मुद्दामच तसं ठेवलं आहे, बघितलं की आठवण राहते.

आपला,
सचिव